‘बीज’ की ‘रोप’? : मातेवाचून होणाऱ्या मत्स्यसंगोपनाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

परिभाषेची परीक्षा सामान्यतः दोन निकषांवर केली जाते. संज्ञा मूळ शास्त्रीय कल्पनेशी कितपत जुळते, हा पहिला निकष; आणि ती भाषेच्या घडणीत कितपत बसते, हा दुसरा. या दोहोंखेरीज एक तिसरा निकष आहे, पण त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ती संज्ञा वाचून किंवा ऐकून मनुष्य पुढे काय करील, हा तो निकष होय. ज्या शास्त्रात चुकीचे फळ वर्षानुवर्षांनी मिळते तेथे या निकषाची निकड भासत नाही. परंतु जेथे एका रात्रीच्या हयगयीने हजारो जीव नाहीसे होतात, तेथे संज्ञेने मनात उभे केलेले चित्र हे कृतीचे पहिले कारण ठरते. मत्स्यसंगोपन हे असे एक क्षेत्र आहे. त्यातही जन्मदात्यांना दूर करून अंडी फोडविणे आणि पिले वाढविणे हा जो भाग, त्याची मराठी परिभाषा या तिसऱ्या निकषावर तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही तपासणी निराधार होऊ नये म्हणून एक विशिष्ट वाचक समोर ठेवणे इष्ट होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर हे सह्याद्रीच्या कुशीतील गाव अशा वाचकाचे ठिकाण म्हणून सोयीचे आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी भंडारदऱ्याच्या धरणात अडते; हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्या जलाशयाच्या आसपासची वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर या समाजांची आहे आणि शासनाच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही राजूर येथेच आहे. ‘कोळी’ या शब्दाने येथे फसगत होण्याचा संभव असतो. किनाऱ्यावरील कोळी दर्यावर्दी आहे; महादेव कोळी मात्र मूलतः डोंगरउतारावरील शेतकरी आहे. भात, नाचणी आणि वरई ही त्याची पिके. जलाशय आणि शेततळी यांमुळे मत्स्यपालनाचा शब्दसंग्रह त्याच्या दारी आला आहे, पण तो शब्द ज्या मनात रुजणार आहे ते मन शेतीच्या अनुभवाने घडलेले आहे. परिभाषाकारांनी ही गोष्ट विचारात घेतली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

२

प्रथम वस्तुस्थितीचा विचार केला पाहिजे. माशांच्या बहुतेक जाती अंडी टाकून निघून जातात. त्यांच्या बाबतीत ‘मातेवाचून संगोपन’ हे निसर्गाचेच विधान आहे. मनुष्य केवळ प्रवाहाची जागा घेतो. याच्या उलट काही जाती अपत्यांची राखण करतात. आपल्याकडील मरळ याचे उत्तम उदाहरण होय. तिची तांबूस पिले थव्याने पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरतात आणि आईबाप त्यांच्या खाली पहारा देत असतात. काचेच्या पेटीतील शोभेच्या माशांपैकी एंजल हा मासा पानावर किंवा पाटीवर अंडी चिकटवितो, पंखांनी त्यांवर पाण्याचा झोत सोडतो आणि बुरशी लागलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. मात्र थोडासा उपद्रव झाला तरी हेच आईबाप सर्व अंडी खाऊन टाकतात. म्हणून व्यावसायिक पैदासकार ते पान उचलून वेगळ्या पेटीत ठेवतात. तेथे हवेच्या बुडबुड्यांनी पंखांचे काम करावयाचे, मेथिलीन ब्ल्यूच्या औषधाने बुरशी आवरावयाची आणि पांढरी पडलेली अंडी हाताने काढावयाची. सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात अंडी दोन ते तीन दिवसांत फुटतात. त्यानंतर चार-पाच दिवस पिले पोटाला असलेल्या बलकाच्या पिशवीवर जगतात आणि मग पोहू लागतात. पोहू लागताच त्यांना हलते, सूक्ष्म आणि जिवंत अन्न हवे असते.

तळ्यातील कार्प माशांची हकीकत याहून मोठ्या प्रमाणावरची आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. १९५७ साली १० जुलै रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले; त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. या शोधापूर्वी नद्यांतून पिले गोळा करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता गोल हौदात पाणी सतत फिरते ठेवून अंडी तरंगती ठेवतात. ती साधारणतः पंधरा ते अठरा तासांत फुटतात, पिले सुमारे तीन दिवस बलकावर राहतात आणि नंतर त्यांना आधीच तयार करून ठेवलेल्या उथळ तळ्यात सोडतात. दोन-तीन आठवड्यांनी ती इंचभर लांबीची होतात, तेव्हा त्यांची पुन्हा स्थलांतराची वेळ येते.

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपन्यांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीर माशाचे असेच संगोपन झाले. तेथील कामाशी डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि ओगले यांची नावे निगडित आहेत. मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढावयाची, नराचे रेत त्यांत मिसळावयाचे आणि ती अंडी वाहत्या पाण्याखालील ताटल्यांत ठेवावयाची, अशी ती पद्धती आहे. महासीरची पिले अंड्यातून बाहेर आल्यावर काही दिवस उजेड टाळून, एकमेकांना बिलगून कोपऱ्यात पडून राहतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ती आजारी वाटण्याचा संभव असतो.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आईला दूर केले म्हणून आईचे काम संपत नाही. ते अनेक लहान कामांत विभागून मनुष्याकडे येते : पाणी हलते ठेवणे, मेलेले वेगळे काढणे, भक्षकांपासून राखणे, पहिला घास योग्य घटकेला देणे आणि जागा बदलताना धक्का न लागू देणे. परिभाषेने या कामांची आठवण ठेविली पाहिजे.

३

मराठी मनाला हा विषय सर्वस्वी नवा नाही. आईने स्तन्य न देता अपत्य वाढविण्याची कल्पना आपल्या वाङ्मयात प्राचीन आहे. पक्षिणी स्पर्शाने, आणि मासोळी व कासवी केवळ दर्शनाने किंवा ध्यानाने आपली पिले वाढवितात, असा संकेत संस्कृत सुभाषितांत व तंत्रग्रंथांत आढळतो. या संकेताची एक गंमत अशी की, दर्शन कोणाचे आणि ध्यान कोणाचे याविषयी ग्रंथांत एकमत नाही. चाणक्याच्या नावावर असलेल्या सुभाषितात दर्शन मासोळीकडे आणि ध्यान कासवीकडे आहे; कुलार्णवतंत्रात दीक्षेचे प्रकार सांगताना हीच वाटणी उलटी झाली आहे. वारकरी संतांच्या वाणीत कासवीची कृपादृष्टी स्थिरावली, आणि मासोळीकडे मुख्यतः पाण्यावाचून तळमळण्याचा अर्थ राहिला.

या अदलाबदलीवरून असे अनुमान काढता येते की, ही प्रतिमा निरीक्षणातून आलेली नाही. ज्याने कासवीला अंडी घालताना पाहिले आहे तो जाणतो की, ती वाळूत खड्डा करून अंडी पुरते आणि मागे वळून न पाहता पाण्यात निघून जाते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ सालापासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने समुद्रकासवांची अंडी राखण्याचे जे काम केले, त्यात आईची दृष्टी कोठेही नव्हती. होते ते कुंपण, वाळूतील नवा खड्डा, तारखांची नोंद आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहणारी माणसे. आई नसताना पिले कशी जगली, या प्रश्नाला प्राचीनांनी ‘ती दुरून पाहत असेल’ असे उत्तर दिले. हे उत्तर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने असत्य आहे. परंतु त्यामागील प्रश्न खरा होता, हे विसरता कामा नये. दूध नाही, ऊब नाही, सान्निध्य नाही, आणि तरीही वाढ आहे. हे आश्चर्य त्यांनी टिपले होते.

ज्ञानेश्वरी प्रवरेच्या तीरी नेवासे येथे सांगितली गेली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. म्हणजे राजूरच्या डोंगरातून जे पाणी खाली जाते, त्याच पाण्याच्या काठी मराठीला तिची वत्सल प्रतिमासृष्टी लाभली. आधुनिक परिभाषेची तुलना या वारशाशी करणे म्हणूनच अप्रस्तुत ठरणार नाही. वारशाने आपल्याला वात्सल्य दिले, पण कृती दिली नाही. परिभाषेने कृती दिली काय, हे आता पाहावयाचे.

४

पहिली संज्ञा ‘उबवणी केंद्र’. ‘उबवणे’ हे क्रियापद ‘ऊब’ या नामावरून आलेले आहे आणि त्यातील आई कोंबडी आहे. संस्कृत संकेतातील भाषेत बोलावयाचे तर, मासोळीला येथे पक्षिणीच्या जागी बसविले आहे. ही केवळ अलंकाराची चूक नव्हे. माशांच्या अंड्यांना योग्य तापमान लागते हे खरे. परंतु ती ज्या अभावाने प्रथम गुदमरतात तो प्राणवायूचा होय, आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. ‘उबवणे’ या शब्दावर विसंबणारा नवशिका हौदाला ऊन मिळेल अशी तजवीज करील आणि पाण्याच्या हालचालीकडे दुर्लक्ष करील. मराठीत ‘खेळते पाणी’ असा एक घरगुती शब्दप्रयोग आहे. विहिरीचे, ओढ्याचे, पाटाचे पाणी खेळते असावे, हे राजूरच्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. अंडी ‘खेळत्या पाण्यात ठेवणे’ हा प्रयोग शास्त्राला अधिक जवळचा आहे, आणि तो घडविण्यासाठी कोणत्याही समितीची गरज नाही.

दुसरी संज्ञा ‘मत्स्यजिरे’. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले, सुमारे आठ मिलिमीटरपर्यंतचे पिलू म्हणजे जिरे. हिंदीतही ‘जीरा’ असाच शब्द आहे. बंगालीत प्रारंभीच्या अवस्थेला ‘रेणू पोना’, त्यानंतरच्या अवस्थेला ‘धानी पोना’ आणि पुढे ‘चारा पोना’ म्हणतात. म्हणजे पराग, साळीचा दाणा आणि रोप अशी ती चढण आहे. मराठीने स्वयंपाकघरातील जिरे उचलले. आकाराची कल्पना देण्यास हा शब्द उत्तम आहे. शिवाय जिरे मापाने मोजतात आणि ही पिलेही एकेक न मोजता भांड्याच्या मापानेच मोजतात. त्यामुळे व्यवहाराशीही तो जुळतो. त्याचा दोष एवढाच की, जिरे डब्यात वर्षभर राहते. मत्स्यजिरे तीन दिवसांनी उपाशी असते.

तिसरी संज्ञा ‘बोटुकली’. तिच्यामागे इंग्रजीतील बोटावरून बनलेला शब्द आहे, हे उघड आहे. पण येथे भाषांतरकाराने, किंवा ज्या कोणी हा शब्द प्रथम वापरला त्याने, जे केले ते अभ्यासण्याजोगे आहे. ‘अंगुलिका’ असा सरळ संस्कृत शब्द हाताशी होता आणि हिंदीने तो घेतला. मराठीने ‘बोट’ हा तद्भव घेऊन त्याला लाडिक लघुत्ववाचक प्रत्यय लावला. चिमुकली, पिटुकली, इटुकली या शब्दांच्या पंक्तीत बोटुकली जाऊन बसली. हा प्रत्यय शासकीय भाषेचा नव्हे. पाळण्याजवळच्या भाषेचा आहे. परिणामी ‘बोटुकली’ म्हणताच बोटाएवढी लांबी आणि तिच्याविषयीचे कौतुक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात येतात. प्रशासनाने ‘अर्धबोटुकली’ असा समास करून तिला पुन्हा कचेरीत नेले, तरी मूळ शब्दाचा गोडवा लोपला नाही. मराठी मत्स्यपरिभाषेतील हा सर्वांत यशस्वी शब्द होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

याच संदर्भात एक उणीव नोंदविली पाहिजे. माशाच्या पोटातील अंड्यांना मराठीत ‘गाभोळी’ असा जिवंत शब्द आहे आणि त्याचे ‘गाभ’ या शब्दाशी असलेले नाते स्पष्ट आहे. पण तो शब्द ताटापर्यंत पोचतो, तळ्यापर्यंत पोचत नाही. पोटाबाहेर पडलेल्या, जगू पाहणाऱ्या अंड्यासाठी शिष्ट मराठीत तितका घरचा शब्द सहज आठवत नाही. भाषेने मासा खाण्यासाठी जेवढे शब्द घडविले तेवढे तो वाढविण्यासाठी घडविले नाहीत.

५

आता मुख्य संज्ञेकडे वळावयाचे. ‘मत्स्यबीज’ हा शब्द शासनाच्या केंद्रांच्या नावांत, योजनांत आणि बाजारात इतका रुळला आहे की, त्याची चिकित्सा कोणी करीत नाही. इंचभर लांबीचे पोहणारे पिलू म्हणजे मत्स्यबीज. ‘मत्स्यबीज सोडणे’ असा व्यवहारात प्रयोग होतो.

शेतकऱ्याच्या मनात ‘बीज’ म्हणजे काय? बीज सुप्त असते. ते कणगीत थांबते. ते कोरडे ठेवावे लागते. पाऊस लांबला तर पेरणी लांबविता येते. एकदा पेरले की उगवण्याचे काम माती आणि पाणी करतात, पेरणाऱ्याने वाट पाहावयाची. या सर्व गोष्टी माशाच्या पिलाला लागू नाहीत. ते जागे आहे, भुकेले आहे आणि त्याला थांबता येत नाही. प्राणवायू भरलेल्या पिशवीतून ते आणले तर ती पिशवी प्रथम पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी लागते. आतील व बाहेरील तापमान सारखे झाल्यावर तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत घ्यावे लागते आणि मग पिलांना आपण होऊन बाहेर पडू द्यावे लागते. ‘बीज’ समजणारा मनुष्य मात्र ते मूठभर धान्यासारखे फेकील. त्यात त्याचा दोष नाही. शब्दाने सांगितले ते त्याने केले.

या प्रक्रियेत बीज म्हणावे अशी खरी वस्तू एकच आहे, आणि ती माशाची नाही. शोभेच्या माशांच्या पिलांना पहिला घास म्हणून आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवाची पिले देतात. त्याची कवचबद्ध अंडी कोरड्या डब्यात वर्षानुवर्षे सुप्त राहतात आणि मिठाच्या पाण्यात टाकून हवा दिली की सुमारे चोवीस तासांत जागी होतात. सुप्ती, साठवण आणि हवे तेव्हा उगवण, ही बीजाची सारी लक्षणे येथे आहेत. पिलाच्या अन्नाला जे नाव शोभले असते ते पिलाला दिले गेले आहे.

‘बीज’ऐवजी काय, याचे उत्तर राजूरच्या शेतातच सापडते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात भाताचे पीक थेट पेरून घेत नाहीत. प्रथम पालापाचोळा, शेण व काटक्या यांचा थर देऊन जमिनीचा एक तुकडा भाजतात. त्याला राब म्हणतात. राखेने जमिनीला बळ येते, तणांचे बी जळून जाते. त्या तुकड्यात भात पेरून रोपे दाट वाढवितात आणि तीन-चार आठवड्यांनी ती उपटून चिखलात लावतात. हीच आवणी. उपटलेली मूठ उन्हात ठेवावयाची नाही, मुळे ओली राखावयाची, शक्य तर त्याच दिवशी लावून संपवावयाची, हे तेथील पोरासोरांनाही सांगावे लागत नाही.

पिलांच्या पहिल्या तळ्याची तयारी याहून वेगळी नाही. तळे आटवून किंवा उपसून जुने मांसाहारी मासे काढावयाचे, पाणवनस्पती उपटावयाच्या, चुना टाकावयाचा, शेणखत घालून पाण्यात सूक्ष्म जीवांची वाढ करावयाची. पिले सोडण्याच्या आदल्या दिवशी तेल व साबण यांचे मिश्रण पृष्ठभागावर पसरावयाचे, म्हणजे श्वासासाठी वर येणारे पाणकिडे गुदमरून मरतात. न मेल्यास तेच पिलांना खातात. नंतर दाट संख्येने पिले सोडून त्यांना शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग घालावयाचा आणि दोन-तीन आठवड्यांनी विरळ करून मोठ्या पाण्यात न्यावयाचे. हा राबच आहे; फक्त तो पाण्याखालचा आहे. अशा पिलास ‘मत्स्यरोप’ आणि त्याच्या स्थलांतरास ‘आवणी’ म्हटले, तर कोणत्याही प्रशिक्षणाच्या आधी निम्मी शिकवण शब्दच देऊन टाकील. बंगाली भाषिकांनी ‘चारा’ हा शब्द वापरून हेच केले आहे, आणि मासे वाढविण्याचा अनुभव त्यांच्याइतका जुना अन्य कोणाचा क्वचितच असेल.

या सूचनेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रूढ शब्द बदलणे अव्यवहार्य आहे. हा आक्षेप मान्य केला पाहिजे; केंद्रांच्या पाट्या बदलाव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु मार्गदर्शनपर लेखनात आणि मौखिक शिकवणीत ‘बीज म्हणजे रोप समजा’ एवढे एक वाक्य घालण्यास कोणाची आडकाठी असू नये. दुसरा आक्षेप असा की, राब व आवणी हे शब्द प्रादेशिक आहेत. विदर्भातील किंवा सोलापूरकडील वाचकास ते परके वाटतील. हाही खरा आहे. पण परिभाषा सर्व प्रदेशांत अक्षरशः एकच असली पाहिजे हा आग्रहच तपासून पाहण्याजोगा आहे. शास्त्रज्ञांमधील व्यवहारासाठी एकरूपता लागते; शेतकऱ्याशी बोलताना सुबोधता लागते. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. रोप हीही वनस्पतीच; एक रोप दुसऱ्या रोपाला खात नाही. पिलांत मात्र मोठी पिले लहानांना खातात, म्हणून त्यांची आकारवार निवड करावी लागते. ‘रोप’ हा शब्द या ठिकाणी थिटा पडतो, हे निःसंशय. कोणतेही रूपक वस्तूला पूर्णपणे झाकीत नाही. ज्या टोकाला ते उघडे पडते तेथे धोक्याची सूचना देणे हे परिभाषाकाराचे कर्तव्य होय. ‘बीज’ पहिल्याच पावलाला चुकविते. ‘रोप’ निदान तळ्यापर्यंत सोबत करते.

६

पिलांप्रमाणे शब्दही जन्मदात्यांवाचून वाढतात, हे माशांच्या नावांवरून दिसते. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा अनेक जातींना त्यांनी स्थानिक मराठी नावांवरूनच शास्त्रीय नावे दिली. शिंगाळ्याची ‘सीन्घाला’ झाली, मळ्याचा ‘मुल्या’ झाला, महासीरच्या दख्खनी जातीस ‘खुद्री’ हे नाव मिळाले. घाटमाथ्याच्या खेड्यांतील हे शब्द आज जगातील प्रत्येक मत्स्यसूचीत लॅटिन वेषात आढळतात. ते जगले, परंतु ज्या बोलींनी त्यांना जन्म दिला, त्या बोलींत ते किती टिकले आहेत याची शिस्तवार नोंद होण्याची आवश्यकता आहे.

याच्या उलट रोहू, कटला व मृगळ ही नावे पूर्वेकडून माशांच्या पिलांसोबतच आली. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. प्रवरेला ते पाहुणे. पाहुण्यांची संख्या इतकी वाढली की, नवशिक्या मत्स्यपालकाला ‘मासा’ म्हणताच त्यांचीच नावे आठवतात.

तिसरा प्रकार अधिक मनोरंजक आहे. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया हा आफ्रिकी मासा आपली अंडी व पिले तोंडात धरून वाढवितो. भीमा-गोदावरीच्या खोऱ्यांतील मच्छीमारांनी त्याला ‘चिलापी’ केले. आरंभीच्या व्यंजनाचे पुढील ‘इ’मुळे तालव्यीकरण झाले, अंत्य ‘-इया’चा संकोच होऊन ‘-ई’ झाली आणि शब्द मासोळी व मरळ यांच्या पंक्तीत स्त्रीलिंगी म्हणून दाखल झाला. तसाच ‘गप्पी’. त्रिनिदादमधील गपी आडनावाच्या एका निसर्गप्रेमी गृहस्थाच्या नावावरून हा शब्द निघाला. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत व टाक्यांत सोडलेला हा मासा महाराष्ट्रात घरोघर पोचला, आणि ‘गप्पा’ या शब्दाच्या शेजाराने त्याचे नाव इतके मराठी झाले की, त्यात कोणा परदेशी मनुष्याचे आडनाव आहे असा संशयही येत नाही. गप्पीची मादी जिवंत पिले देते आणि संधी मिळताच त्यांतील काही स्वतःच खाते. दाट पाणवनस्पतींचा आडोसा मिळाला तरच पिले वाचतात. चिलापी आणि गप्पी या शब्दांनाही असाच आडोसा मिळाला : लोकांच्या नित्य वापराचा. समित्यांच्या पेटीत जन्मलेल्या कित्येक निर्दोष संज्ञांना तो मिळाला नाही, म्हणून त्या बोटुकलीच्या वयापर्यंत पोचल्या नाहीत.

७

सारांश, मातेवाचून होणाऱ्या संगोपनाची मराठी परिभाषा दोन टोकांमध्ये अडकलेली दिसते. एका टोकाला कृपादृष्टीची परंपरा आहे. तेथे पाहणे पुरेसे मानले गेले आणि करणे सुटले. दुसऱ्या टोकाला ‘बीज’ व ‘उबवणी’ यांचा शासकीय व्यवहार आहे. तेथे करणे आले, पण पाहणे सुटले. ‘संगोपन’ हा शब्द या दोहोंना जोडू शकतो. त्याच्या मुळाशी असलेला ‘गुप्’ हा धातू ‘गोपा’ म्हणजे गाईंचा राखणदार या शब्दावरून निघाला, असे भाषाशास्त्र मानते. म्हणजे संगोपन ही मूलतः गुराख्याची क्रिया आहे. गुराखी गाईची आई नसतो. तो वासरे मोजतो, लंगडणारे ओळखतो आणि दिवेलागणीला सर्व परत आली काय ते पाहतो.

पोरक्या पिलांना वाढविणाऱ्याचे कामही नेमके एवढेच आहे. अंडे पांढरे पडले काय, पिलाच्या पोटाचा बलक संपला काय, सकाळी पिले पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत आहेत काय, हे ज्याला दिसते त्याची पिले जगतात. कासवीच्या दृष्टीविषयी प्राचीन कवींनी जे म्हटले ते कासवीविषयी खरे नाही. हौदाकाठच्या माणसाविषयी मात्र ते खरे आहे. राजूरच्या शेतकऱ्याजवळ ही नजर राबाच्या रोपांमुळे पूर्वीपासूनच आहे. परिभाषेने तिला ‘हे तुझेच काम आहे’ एवढे त्याच्या शब्दांत सांगावयाचे राहिले आहे.